हार्ट अटॅकनंतर धमन्या आणखी ‘चिकट’ का होतात? उंदरांवरच्या प्रयोगांनी काय दाखवलं आणि काय नाही

घरात कुणाला तरी हार्ट अटॅक येतो. धावपळ करून अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो आणि काही दिवसांत माणूस चालत घरी येतो. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, “चला, ब्लॉकेज निघालं, आता चिंता मिटली.” डॉक्टर मात्र गोळ्यांची लांबलचक चिठ्ठी हातात देऊन सांगतात, “पहिलं वर्ष जपायचं. एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.”

यात बरोबर डॉक्टरच असतात. एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाला दुसरा येण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. शिवाय दुसरा अटॅक स्टेंट बसवलेल्या जागीच येईल असंही नाही. अनेकदा तो दुसऱ्याच एखाद्या धमनीतल्या थरामुळे येतो, जो पहिल्या वेळी गप्प बसलेला होता.

हा गप्प बसलेला थर अचानक का खवळतो? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून मिळालं आहे. त्या उत्तराच्या मध्यभागी आहेत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर उगवणारे काही रेणू. शास्त्रीय मराठीत त्यांना ‘पेशी आसंजन रेणू’ म्हणतात. आपण या लेखात त्यांना सरळ ‘चिकट रेणू’ म्हणू.

धमनी म्हणजे घरातला पाइप नव्हे

धमनीत चरबी साठते म्हणजे पाइपमध्ये गाळ बसतो, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘नसा साफ करणारे’ काढे याच चित्रावर चालतात. पण हा थर धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही. तो भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली तयार होतो. त्यामुळे तो ‘धुऊन’ काढता येत नाही.

होतं असं की, रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, अस्तरातून आत झिरपतं आणि भिंतीत अडकतं. तिथे त्यात रासायनिक बदल होतात. शरीराला हे काहीतरी परकं, बिघडलेलं वाटतं. मग जखम झाल्यावर जे होतं तेच इथेही सुरू होतं, म्हणजे दाह. अस्तराच्या पेशी धोक्याची खूण म्हणून रक्ताच्या बाजूला चिकट रेणू उभे करतात. वाहत्या रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात, भिंतीत शिरतात आणि तिथलं कोलेस्टेरॉल खाऊ लागतात. खाऊन खाऊन फुगतात आणि बऱ्याचशा तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की भिंतीत मेलेल्या पेशी आणि चरबीचा लगदा तयार होतो आणि त्यावर एक पातळ पापुद्रा येतो. आतल्या पेशी पापुद्रा कुरतडणारी विकरंही सोडत असतात. पापुद्रा फाटला की लगद्याशी रक्ताचा संपर्क येतो, गुठळी होते, धमनी बंद पडते. हाच हार्ट अटॅक.

या रोगाला अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. यात दाह असतो, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखोव यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. पण नंतर बराच काळ सगळं लक्ष कोलेस्टेरॉलकडे गेलं. १९९९ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे रसेल रॉस यांनी ‘हा दाहाचा रोग आहे’ असं ठणकावून सांगणारा लेख लिहिला, तेव्हा कुठे हा विचार मुख्य प्रवाहात आला. कोलेस्टेरॉल निर्दोष आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. ठिणगी कोलेस्टेरॉलचीच असते, दाह तिचा वणवा करतो.

धावत्या रक्तातून पेशी थांबते कशी?

धमनीतलं रक्त जोरात वाहत असतं. त्यात तरंगत जाणाऱ्या पेशीला नेमक्या जागी थांबायचं असेल तर ती एकदम थांबू शकत नाही. हे काम टप्प्याटप्प्यानं होतं.

आधी येतात सिलेक्टिन. यांची पकड हलकी असते, लागते आणि सुटते, पुन्हा लागते आणि सुटते. गवतातून चालताना कुसळं कपड्याला लागतात तसं काहीसं. यामुळे पेशीचा वेग कमी होतो आणि ती अस्तरावरून लडबडत, गडगडत पुढे सरकते. पी-सिलेक्टिन आणि ई-सिलेक्टिन हे अस्तरावरचे दोन प्रमुख सिलेक्टिन. पी-सिलेक्टिन रक्तबिंबिकांवरही असतो.

मग अस्तराकडून रासायनिक इशारे मिळतात आणि पांढऱ्या पेशीवरचे इंटिग्रिन नावाचे हूक उघडतात. हे हूक अस्तरावरच्या दुसऱ्या चिकट रेणूंना घट्ट धरतात. त्यातले दोन या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतील: व्हीकॅम-१ आणि आयकॅम-१. पकड घट्ट झाली की पेशी पूर्ण थांबते, चपटी होते आणि दोन अस्तरपेशींच्या फटीतून आत घुसते.

ही यंत्रणा वाईट नाही, उलट तिच्याशिवाय आपण जगू शकत नाही. काही बाळांमध्ये जन्मतःच इंटिग्रिनचा एक भाग नसतो. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण त्या रक्तातून बाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. नाळ उशिरा गळते, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतात आणि जखमेत पूसुद्धा धरत नाही. चिकट रेणू बंद करण्याच्या कुठल्याही औषधाची बातमी वाचताना ही बाळं आठवावीत.

एक मजेची गोष्ट. निरोगी धमनीच्या सरळ भागात व्हीकॅम-१ जवळपास नसतोच. तो दिसतो फाट्यांवर आणि वळणांवर, जिथे रक्ताचा प्रवाह सरळ न जाता घोटाळतो. आणि थरही नेमके तिथेच जमतात. नदीच्या वळणावर गाळ साठतो तसं वाटतं खरं, पण कारण वेगळं आहे. अस्तराच्या पेशींना प्रवाह ‘जाणवतो’. सरळ, जोरकस प्रवाह त्यांना शांत ठेवतो, तर घोटाळणारा प्रवाह त्यांना चिडवतो.

ज्याला हा रोग होतच नाही, त्याच्यावर प्रयोग

आता उंदरांकडे वळू. साध्या उंदराला अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस होत नाही. त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलच्या रूपात असतं, म्हणजे आपण ज्याला चांगलं म्हणतो त्या रूपात. त्यामुळे सुरुवातीचे प्रयोग सशांवर झाले. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर तयार करून दाखवले होते. १९९१ मध्ये मायरन सिबुल्स्की आणि मायकेल गिम्ब्रोन यांनी व्हीकॅमसारखा चिकट रेणू धमनीत थरांच्या जागी उगवतो हे पहिल्यांदा दाखवलं, तेही सशांतच.

पण सशात हवा तो जनुक काढून टाकणं तेव्हा शक्य नव्हतं. उंदरात ते शक्य झालं होतं. या तंत्राला २००७ चं नोबेल मिळालं आणि मानकऱ्यांपैकी एक होते ऑलिव्हर स्मिथीज. त्यांच्या पत्नी नोबुयो माएदा यांच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या गटानं आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जॅन ब्रेस्लो यांच्या गटानं १९९२ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ‘एपो-ई’ नावाचं प्रथिन नसलेला उंदीर तयार केला. हे प्रथिन नसलं की रक्तातले कोलेस्टेरॉलचे कण यकृताला नीट उचलता येत नाहीत. साध्या उंदराचं कोलेस्टेरॉल १०० च्या आत असतं, या उंदराचं साध्या खाण्यावरही ४०० च्या आसपास किंवा वर जातं. चरबीयुक्त खाद्य दिलं तर हजाराच्याही पुढे. त्याच्या धमन्यांत काही महिन्यांत थर तयार होतात.

पुढच्याच वर्षी दुसरा उंदीर आला. त्याच्यात एलडीएल उचलणारा रिसेप्टरच नव्हता. हा माणसातल्या एका आनुवंशिक आजाराच्या जास्त जवळचा. त्या आजाराच्या रुग्णांवरूनच ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हा रिसेप्टर शोधला होता आणि १९८५ चं नोबेल मिळवलं होतं.

(प्रयोगशाळेतला उंदीर म्हटला की आपल्याला गुलाबी डोळ्यांचा पांढरा उंदीर दिसतो. या संशोधनात सर्वाधिक वापरली जाणारी जात मात्र काळीभोर आहे.)

एकेक रेणू काढून पाहिला

या उंदरांमुळे एक साधा, पण ताकदवान प्रयोग करता आला. रोग होणारा उंदीर घ्या, त्यातून एकेक चिकट रेणू काढा आणि थर किती कमी होतो ते मोजा.

पी आणि ई हे दोन्ही सिलेक्टिन काढले तेव्हा सुरुवातीचे थर खूपच लहान राहिले. पण उंदीर म्हातारा होत गेला तसा फरक कमी झाला. म्हणजे रोग लांबला, थांबला नाही.

व्हीकॅम-१ ची गंमत अशी की तो पूर्ण काढताच येईना. तो नसला तर पिल्लं पोटातच मरतात, कारण वार आणि हृदय दोन्ही नीट घडत नाहीत. शेवटी सिबुल्स्कींच्या गटानं असा उंदीर वापरला ज्यात व्हीकॅम-१ अगदी थोडाच बनतो. २००१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: सुरुवातीच्या थरांमध्ये मोठा वाटा व्हीकॅम-१ चा, आयकॅम-१ चा नाही.

अडचण एवढीच की वर्षभरापूर्वी, २००० साली, दुसऱ्या एका गटानं आयकॅम-१ काढल्यावर थर बराच कमी होतो असं छापलं होतं. मग खरं कोण?

बहुधा दोघंही. एकानं एपो-ई नसलेला उंदीर घेतला होता, दुसऱ्यानं एलडीएल रिसेप्टर नसलेला. एकानं बरेच आठवडे वाढलेला थर मोजला होता, दुसऱ्यानं नुकताच सुरू झालेला. म्हणजे कुठला रेणू महत्त्वाचा, हे तुम्ही कोणता उंदीर घेता, त्याला काय खायला देता आणि कधी पाहता यावर अवलंबून आहे. माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सामान्य वाचकानं लक्षात ठेवावी अशी हीच गोष्ट आहे, आणि बातम्यांत नेमकी हीच गाळली जाते.

हृदयाला इजा, आग दुसरीकडे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मथियास नारेनडॉर्फ यांच्या गटानं एपो-ई नसलेल्या उंदरांना कृत्रिम हार्ट अटॅक आणला, म्हणजे शस्त्रक्रिया करून कॉरोनरी धमनी दोऱ्यानं बांधली. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की अटॅकनंतर या उंदरांच्या इतर धमन्यांमधले थर आणखी मोठे आणि जास्त धोकादायक स्वरूपाचे झाले. हृदयाला इजा झाली आणि आग दुसरीकडेही भडकली.

कसं? अटॅकमुळे सिंपथेटिक चेतासंस्था, म्हणजे संकटात छाती धडधडवणारी, अंगाला घाम फोडणारी यंत्रणा, जोरात चालू होते. तिच्या इशाऱ्यावर अस्थिमज्जेतून मूळपेशी बाहेर पडून प्लीहेत जातात आणि तिथे मोनोसाइट बनवण्याचा कारखाना सुरू होतो. शरीराचा हेतू चांगला असतो. हृदयात मेलेला स्नायू साफ करायला आणि तिथे व्रण भरून काढायला या पेशी लागतातच. पण रक्तात सोडलेल्या पेशींना पत्ता कोण सांगणार? ज्या ज्या अस्तरावर चिकट रेणू उभे असतील तिथे त्या थांबतात. त्यात जुने थरही आले.

२०१६ मध्ये याच गटानं पुढचा दुवा जोडला. अटॅकनंतर नुसती पेशींची संख्या वाढत नाही, तर थरांवरच्या अस्तरावर चिकट रेणूही वाढतात. पेशी जास्त, डिंकही जास्त.

मग त्यांनी उपायही करून पाहिला. एकेक रेणू अडवून फारसं साधत नाही, कारण एकाची जागा दुसरा घेतो, हे आधीच्या प्रयोगांवरून कळलं होतं. म्हणून त्यांनी एकदम पाच रेणूंवर निशाणा धरला: आयकॅम-१, आयकॅम-२, व्हीकॅम-१, ई-सिलेक्टिन आणि पी-सिलेक्टिन. या पाचांची जनुकं गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे एका नॅनोकणात भरले. कण असा की तो मुख्यतः रक्तवाहिनीच्या अस्तरातच शिरतो. अटॅक आलेल्या उंदरांना तो दिला तेव्हा थरांमध्ये शिरणाऱ्या न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट पेशी कमी झाल्या, पापुद्रा कुरतडणाऱ्या विकरांची क्रिया घटली आणि इजा झालेल्या हृदयात शिरणाऱ्या पेशीही कमी झाल्या.

प्रयोग देखणा आहे यात शंका नाही. पण यातला प्रत्येक शब्द उंदरांबद्दल आहे.

मग माणसांवर?

चिकट रेणू अडवण्याचे प्रयत्न माणसांवर याआधीच झालेले आहेत, आणि त्यांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही.

या शतकाच्या सुरुवातीला इंटिग्रिन अडवणाऱ्या दोन वेगवेगळ्या अँटिबॉडी हार्ट अटॅकच्या रुग्णांना देऊन पाहिल्या, प्रत्येक चाचणीत साधारण ४०० रुग्ण. प्राण्यांमध्ये यांनी हृदयाचं नुकसान कमी केलं होतं. माणसांत केलं नाही. एक कारण सरळ आहे. प्रयोगशाळेत धमनी कधी बांधायची, कधी सोडायची आणि औषध कधी द्यायचं हे संशोधकाच्या हातात असतं. माणूस मात्र ‘गॅस झालाय’ म्हणत दोन-चार तास काढतो आणि मग दवाखान्यात येतो.

व्हीकॅम-१ ची निर्मिती कमी करणारं सक्सिनोब्यूकॉल नावाचं औषध ६,१४४ रुग्णांवर तपासलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला: मुख्य उद्दिष्ट साधलं नाही आणि एलडीएल उलट वाढलं. पी-सिलेक्टिन अडवणाऱ्या इन्क्लाक्युमॅब या अँटिबॉडीनं २०१३ च्या एका चाचणीत अँजिओप्लास्टीनंतरची हृदयाची इजा थोडी कमी केली, पण बायपासच्या रुग्णांमधल्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही.

पी-सिलेक्टिनची कथा नंतर वेगळ्याच वाटेला लागली, आणि ती विदर्भ-नंदुरबारकडच्या वाचकांना जवळची वाटेल. सिकलसेलच्या आजारात वेदनेचे झटके येतात त्यामागे पेशी अस्तराला चिकटणं हे एक कारण आहे. क्रिझनलिझुमॅब ही पी-सिलेक्टिनविरोधी अँटिबॉडी अमेरिकेत २०१९ साली त्यासाठी मंजूर झाली. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र ती नुसत्या सलाइनसारख्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरली नाही आणि युरोपनं २०२३ मध्ये परवानगी काढून घेतली.

धोक्याचं उदाहरणही आहे. इंटिग्रिन अडवणारं नॅटॅलिझुमॅब हे मेंदूच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावर उत्तम चालतं. पण २००४ मध्ये मंजुरी मिळाल्यावर काही महिन्यांतच ते बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण पांढऱ्या पेशी मेंदूत पोहोचत नसल्यामुळे काही रुग्णांत एका सुप्त विषाणूनं मेंदूवर हल्ला केला. आज ते कडक देखरेखीखाली पुन्हा वापरात आहे.

चिकट रेणूंना थेट हात न लावता दाहाचा वरचा खटका दाबला तर? तो प्रयोग माणसांत यशस्वी झाला आहे. २०१७ ची कँटोस चाचणी अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर झाली. त्यांना इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप्या अडवणारं कॅनाकिनुमॅब दिलं. हा निरोप्या अस्तराला चिकट रेणू उभे करायला सांगणाऱ्यांपैकीच एक. मधल्या डोसला पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं, तेही एलडीएल न बदलता. म्हणजे दाहाचा सिद्धांत माणसातही खरा ठरला. पण जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले आणि औषध प्रचंड महाग, त्यामुळे हृदयरोगासाठी ते वापरात आलं नाही.

गाउटसाठी जुन्या काळापासून वापरलं जाणारं स्वस्त कोल्चिसिन त्यानंतर पुढे आलं. २०१९ आणि २०२० च्या दोन चाचण्यांत त्यानं फायदा दाखवला, तर २०२४ मध्ये अटॅकनंतर लगेच दिलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. वाद चालू आहे. कुणी फॉरवर्ड पाठवला म्हणून हे औषध स्वतःहून घेऊ नका, जास्त डोस विषारी ठरतो.

उंदीर कुठे कमी पडतो

एपो-ई नसलेल्या उंदराच्या महाधमनीत भरपूर थर होतात, पण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत क्वचितच. त्याचा पापुद्रा माणसासारखा फाटून त्याला आपोआप अटॅक येणं दुर्मीळ. म्हणूनच तर धमनी दोऱ्यानं बांधावी लागते. त्याचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके मारतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सर्वाधिक असतात न्यूट्रोफिल, तर त्याच्या रक्तात लिंफोसाइट. शिवाय माणसात पन्नास वर्षांत जे घडतं ते त्याच्यात काही महिन्यांत घडवलेलं असतं, आणि त्याला ना मधुमेह असतो, ना तंबाखूचं व्यसन, ना आधीपासून चालू असलेलं स्टॅटिन.

त्यामुळे ‘सूज कमी करून ब्लॉकेज घालवणारा पदार्थ, संशोधनात सिद्ध’ असं काही समोर आलं, तर ते संशोधन कुणावर झालं हे आधी बघा. उंदीर असेल तर कुठला, आणि उपाय थर होण्याआधी दिला की झाल्यावर? बहुतेक वेळा तो आधीपासूनच दिलेला असतो. माणसाला मात्र आपल्या धमनीत थर आहे हे कळतं तेव्हा तो झालेला असतो.

आरएनएच्या तुकड्यांनी जनुक गप्प करण्याचं तंत्र तोवर दवाखान्यात पोहोचलं आहे. एलडीएल कमी करणारं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन त्याच तंत्राचं, सुरुवातीचे दोन डोस झाले की वर्षातून दोनदा घ्यायचं. पण ते यकृतात जातं, आणि यकृतापर्यंत असं औषध पोहोचवणं त्या मानानं सोपं आहे. धमनीच्या अस्तरात ते पोहोचवायचं, पाच चिकट रेणू काही दिवस शांत ठेवायचे आणि त्या दिवसांत रुग्णाला न्यूमोनिया होऊ द्यायचा नाही, हे कोडं अजून सुटलेलं नाही. तोपर्यंत अस्तर शांत ठेवण्याची हातात असलेली साधनं जुनीच आहेत: एलडीएल खाली आणणारं स्टॅटिन, ताब्यातला रक्तदाब आणि साखर, बंद केलेली तंबाखू. डॉक्टरांनी दिलेल्या त्या लांबलचक चिठ्ठीत यातलं बहुतेक सगळं असतंच.